विरोधकाचा बार

बंदूक पुसून टेबलावर ठेवली होती आणि तिला हात लावायला घरातलं कोणीच पुढे येत नव्हतं. घाबरून नाही. सगळ्यांनी होकार दिला होता म्हणून.

चाचणीच्या शेडच्या एका टोकाला वाळूचा ढिगारा होता आणि त्याच्यापुढे पांढरा रंग फासलेला लोखंडी पत्रा. छर्रे कुठे कुठे आदळले ते त्या ओल्या रंगात उमटायचं. दुसऱ्या टोकाला टेबल, टेबलावर बंदूक आणि तिच्याशेजारी एकच काडतूस. ते ठिणगीचं. ती बोलायला लागल्यापासून घरात तिला ठिणगीच म्हणायचे. काडतुसांच्या कारखान्यात असं नाव ठेवायला एक तर फार प्रेम लागतं किंवा अजिबात अक्कल लागत नाही, आणि या घरात दोन्हीची कमतरता कधीच नव्हती.

नवीन काडतुसाचा पहिला बार त्याला सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या घरच्या माणसाने उडवायचा, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. ज्याला तुमची फजिती झालेली हवी आहे, त्याच्याच गालाशी तुमचं काडतूस फुटणार असेल तर ते भरताना तुम्ही आळस करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. विरोधकालाही मग नुसतं तोंड चालवून भागत नाही, खांदा पुढे करावा लागतो. बार नीट उडाला की वाद संपला, आणि दुसऱ्या दिवशीपासून यंत्रं त्या काडतुसाची. आजोबांनी पुठ्ठ्याची नळकांडी मेणात बुडवून दमट हवेत न फुगणारं काडतूस काढलं, तेव्हा त्यांचा सख्खा मेव्हणा नाक मुरडत होता. पहिला बार त्याने उडवला आणि मरेपर्यंत त्याच्याखेरीज दुसरं काडतूस बंदुकीत घातलं नाही. पुढे थोरल्यांनी, म्हणजे ठिणगीच्या मोठ्या काकांनी, बुडाचं पितळ उंच केलं, त्याला त्यांच्या बहिणीने, आत्याने, विरोध केला. तिचा खांदा आठवडाभर काळानिळा होता आणि ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होती.

"तर मग," थोरले खुर्चीत आरामात बसत म्हणाले, "कोणाचा विरोध आहे?"

त्यांनी एकेकाकडे बघितलं.

"माझा तर नाहीच. पोरीने कष्ट घेतलेत. शिशाऐवजी पोलादाचे छर्रे, छान कल्पना आहे. साहेब, तुझा?"

साहेब म्हणजे थोरल्यांचा मुलगा. विक्रीचं काम बघायचा, आणि वाळूतही चकचकीत बूट घालून यायचा, म्हणून साहेब. त्याने बुटांकडे बघत मान हलवली. "अजिबात नाही, अण्णा."

"आत्याबाई?"

"मी तर कालच हो म्हटलं," आत्या म्हणाली आणि उगाचच पदर सारखा केला.

ठिणगी हसली. आईकडे बघून तिने दोन्ही मुठी वर केल्या. गेले कित्येक महिने ज्या काकांनी तिला कारखान्यात उभं राहू दिलं नव्हतं, तेच काका आज कौतुक करत होते. तिला खरं वाटेना, पण आनंदात माणूस फार खोलात शिरत नाही.

"मग चला," थोरले उठले. "विरोधच नाही म्हटल्यावर पहिला बार कोण उडवणार? आणि पहिल्या बाराशिवाय यंत्र कसं चालवणार? राहू दे. निघेल कोणाचा तरी विरोध, पाच-दहा वर्षांत."

ठिणगीच्या मुठी हवेतच राहिल्या.

आत्याने दादाकडे, म्हणजे थोरल्यांकडे, बघितलं. काल दादा तिच्या खोलीत येऊन बसला होता. "तू आपली हो म्हण. घरात भांडण नको," म्हणाला होता. काडतुसं पेट्यांत भरणाऱ्या बायकांवर आयुष्यभर देखरेख केलेली ती बाई, एक पेटी हलकी लागली तर उचलताच तिला कळायचं. पण दादाने इतक्या गोडीने दिलेला होकार आतून पोकळ आहे हे तिला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि तिने मूग गिळले होते. तिचं तिलाच नक्की सांगता येईना, आणि म्हणूनच तिला दादाचा जास्त राग आला.

"ही लबाडी झाली, दादा," ती म्हणाली.

"लबाडी कसली? तू हो म्हणालीस, मी हो म्हणालो. होकार देणं कधीपासून लबाडी झाली?"

"मग मी विरोध करते," ठिणगी म्हणाली. "माझ्याच काडतुसाला माझा विरोध. चालेल?"

"बनवणाऱ्याचा विरोध चालत नाही," साहेब म्हणाला. "नाहीतर कोणीही—"

"तू गप्प बस," ठिणगी म्हणाली. "तुला नियम कुणी विचारला? तू गेल्या महिन्यात काय म्हणालास ते सांगू सगळ्यांना?"

साहेबाने मान वर केली. तो वाईट मुलगा नव्हता, पण भित्रा होता, आणि विक्रीत भित्रेपणाला धोरण म्हणतात. "सांग ना. लपवायचं काय त्यात? मी म्हणालो, आज आपण शिसं सोडलं तर गिऱ्हाईक उद्या विचारेल, आधी का नाही सोडलं? तळ्यावरची बदकं छर्रे गिळून मेली तेव्हा का नाही सोडलं? आणि मग..." तो दाराकडे बघून थांबला.

दारात मनोऱ्यावरची माणसं उभी होती. पहिला बार बघायला कारखान्यातलं कोणीही येऊ शकायचं, हीही जुनी पद्धत. मनोऱ्याच्या माथ्यावर शिसं वितळवून चाळणीतून सोडायचं, ते पडता पडता गोल व्हायचं आणि खालच्या पाण्याच्या हौदात गार व्हायचं. असे तिथले छर्रे. त्या माणसांचे हात कोपरापर्यंत करडे होते. बोलणं सगळंच ऐकू येत नसल्यामुळे ते एकमेकांना विचारत होते.

"आणि मग काय?" ठिणगी म्हणाली. "मग हे विचारतील, आमचं काय? माझ्या बाबांचं काय झालं ते विचारतील. बोल की."

"ठिणगे," थोरले म्हणाले, "तुझ्या बाबाला वात आहे. हजारदा सांगून झालंय."

"पहिल्या डॉक्टरने शिसं सांगितलं होतं."

"आणि दुसऱ्याने वात सांगितला."

"तुम्ही वात सांगणारा सापडेपर्यंत डॉक्टर बदललेत, काका!"

इतका वेळ आई भिंतीशी उभी होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं, कारण तिचा होकार सकाळीच घेऊन झाला होता. "तुमच्या लेकीचं भलं व्हावं असं वाटत असेल तर हो म्हणा," थोरले म्हणाले होते, आणि तिने डोळ्यांत पाणी आणून त्यांचे आभार मानले होते. आभार! तिला स्वतःचीच चीड आली. नवऱ्याचे कामाचे कपडे ती लग्न झाल्यापासून वेगळ्या बादलीत धूत आली होती. पाणी करडं व्हायचं, ते ती अंगणात न ओतता लांब नेऊन ओतायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. जे तिला बादलीत दिसत होतं ते या शहाण्या माणसाला मनोऱ्याखाली उभं राहून दिसलं नाही, यावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत."

थोरल्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "कोणी कोणाला फसवलेलं नाही. नियम नियम आहे. आजोबांचा आहे, माझा नाही."

"मग मोडते मी तो नियम!" ठिणगीने टेबलावरची बंदूक उचलली.

"मोड. पण तसलं काडतूस माझ्या यंत्रावर भरलं जाणार नाही. बाहेर कुणी भरून देत असेल तर बघ."

कोणी भरून देणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. ठिणगीने बंदूक धरून ठेवली. रडू येत होतं, पण काकांसमोर रडायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती नुसतीच लाल होत गेली.

"माझा विरोध आहे."

आवाज मागून आला. पत्र्याच्या भिंतीला लावलेल्या पेटीवर धाकटे बसले होते. ठिणगीचे बाबा, थोरल्यांचे भाऊ, जन्मभर मनोऱ्यावर छर्रे पाडणारे. ते तिथे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच त्यांना विचारलं नव्हतं. हल्ली ते बोलता बोलता मधेच विसरायचे, म्हणून घरात त्यांना विचारणंच बंद झालं होतं.

"काय म्हणालास?" थोरल्यांनी विचारलं.

"विरोध आहे म्हणालो. पोलादाच्या छर्ऱ्याला."

"बाबा, तुमचा?" ठिणगीचा आवाज चिरकला. "तुमच्यासाठी केलं ना मी हे सगळं!"

"मी सांगितलं होतं का कर म्हणून?" धाकटे म्हणाले. ते सावकाश बोलत होते, शब्द हातातून निसटू नयेत अशा बेताने. "पोलाद कठीण असतं. नळी आतून खरवडून निघेल. आणि हलकं. लांब गेलं की दम संपला. शिसं मऊ, वजनदार, जिथे पाठवाल तिथे जातं. माझा छर्रा कधी वाकडा निघाला नाही. विचार कुणालाही."

"मला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे आणि वर म्हणतेस ते सगळं विष होतं. मग मी तिथे वर काय करत होतो गं आयुष्यभर?"

 ठिणगीला वाटलं होतं बाबा खूश होतील. आपण त्यांच्या दुखण्यावर उपाय काढला, पण त्यांच्या कामाचं काय, याचा विचारच आपण केला नाही हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. तरी ती मागे हटली नाही. तिने खिशातून मधोमध कापलेली एक कागदी वाटी काढली आणि बाबांसमोर धरली.

"हे बघा. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये आपण सपाट गादी घालतो ना, तिच्याऐवजी ही. कागदाचा लगदा दाबून केली आहे. सगळे छर्रे हिच्या पोटात बसतात. नळीतून जाताना पोलाद नळीला शिवतच नाही, ही शिवते. बाहेर पडली की हवेने हिच्या चार पाकळ्या उघडतात आणि ही मागे राहते. बाकीचे लोक ही प्लास्टिकची करतात, ती शेतात तशीच पडून राहते. ही पहिल्या पावसात विरघळून जाते."

"चिरा बुडापर्यंत नेल्या नाहीस," धाकटे वाकून बघत म्हणाले.

"नेल्या तर नळीतच फाटते. फाटलेली बघितली मी, चार वेळा."

"आणि हलकेपणाचं?"

"छर्रा एक आकार मोठा घेतला."

धाकटे सरळ झाले. "बरी आहे," ते म्हणाले. "विरोध कायम आहे. बंदूक आण."

आत्याला एकदम हसू फुटलं. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. "घ्या दादा, मिळाला विरोधक! पाच-दहा वर्षं थांबायला नको."

थोरले हसले नाहीत. धाकटे पेटीवरून उठले होते. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, कुणी खिळखिळा करून सोडून दिल्यासारखा. डावा हात बंदुकीकडे जाताना थरथरत होता. दारातली माणसं पुढे सरकली.

"त्याला नको," थोरले म्हणाले.

"का?" ठिणगीने विचारलं.

"का म्हणजे? दिसत नाही का? त्याचे हात धरणार नाहीत."

"का धरणार नाहीत?" हे धाकट्यांनी विचारलं.

"वय झालं, धाकट्या."

"तू माझ्याहून मोठा आहेस, दादा. तुझे धरतात."

 थोरल्यांनी जी कात्री इतरांसाठी उघडून ठेवली होती, तिच्यात आता ते स्वतः सापडले होते. गप्प बसावं तर भाऊ बंदूक उचलणार. अडवावं तर का ते सांगावं लागणार, आणि वाताचं कारण पुढे करायला जीभ आज उचलत नव्हती. साहेबाने त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, "अण्णा, काही बोलू नका. दारात माणसं आहेत."

"आत्ता बोलायचं नाही तर कधी बोलायचं रे?" आई भिंत सोडून पुढे आली. लग्नानंतर दिरासमोर तिने आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. "मी सांगते. दिवसभर मनोऱ्यावर उभं राहून हा माणूस घरी यायचा आणि जेवताना घास ताटात परत पडायचा. मी भरवते आता. तुमच्या भावाला मी भरवते, दादा. तेव्हा तुम्ही पलीकडे बसून जेवत असता आणि म्हणता, वात."

"वहिनी, पुरे," आत्या पुटपुटली, पण तिला थांबवायला पुढे गेली नाही. उलट ती वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता एका बाजूला थोरले आणि साहेब, आणि बाकी सगळं घर दुसऱ्या बाजूला.

ठिणगीने काडतूस उचललं. बनवणाऱ्यानेच ते भरायचं आणि विरोधकाच्या हातात बंदूक द्यायची.  या हातात भरलेली बंदूक देणं म्हणजे वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, पण बाबा आपण होऊन उभे राहिले होते, आणि कित्येक वर्षांत त्यांनी आपण होऊन काही मागितलं नव्हतं. तिने नळी वाळूकडे वळवली, काडतूस आत सारलं, बंदूक बंद केली. दस्ता बाबांच्या खांद्याला टेकवला आणि स्वतःचा हात काढला नाही.

"सोड," धाकटे म्हणाले.

"नाही सोडणार."

"नियम आहे. विरोधकाने एकट्याने उडवायचा. सोड."

तिने एकेक बोट सोडलं. नळी खाली गेली, वर आली, डावीकडे भरकटली. साहेब दोन पावलं मागे झाला. धाकटे दात आवळून नळी पत्र्यासमोर आणायला बघत होते, कपाळावर घाम फुटला होता, आणि त्यांचं बोट चापापाशी पोचत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा तिथे न्यायचे आणि ते पुन्हा पुन्हा गळून पडायचं.

थोरल्यांना ते बघवेना. हा आपल्या पाठीवर बसून हिंडलेला भाऊ. आपल्याला उंचीवर चक्कर येते म्हणून मनोऱ्याच्या शिड्या हा चढला, हसत चढला. थोरले पुढे झाले आणि त्यांनी खालून नळीला तळवा लावून ती वाळूकडे स्थिर केली.

"सोड, धाकट्या."

"का?"

"सोड म्हणतो ना."

"का ते सांग. मग सोडतो."

थोरल्यांचे ओठ भावाच्या कानाशी होते. "शिशाने खाल्ले तुझे हात," ते म्हणाले, अगदी हळू. "माहीत आहे मला. पहिल्या डॉक्टरने सांगितलं तेव्हाच कळलं होतं. सोड आता."

धाकट्यांनी बंदूक सोडली. ती थोरल्यांच्या हातात आली, आणि तिचं आता काय करायचं हे जणू न कळून ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग सरळ झाले.

"माझा विरोध आहे," ते मोठ्याने म्हणाले. "सकाळपासून होता. धाकट्याच्या विरोधाहून मोठा. बार मी उडवणार."

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. इतक्या वर्षांत त्यांचा नेम हलला नव्हता, तो आजही हलला नाही. बार झाला. पत्र्यावर छर्रे एकदम खणखणले, आणि कागदाची वाटी चार पाकळ्या पसरून मधेच वाळूत पडली. आत्या कान दाबून पत्र्याकडे धावली. पांढऱ्या रंगात ठिपके गोल, दाट आणि सारखे उमटले होते, मधे कुठेच भगदाड नव्हतं. थोरल्यांनी बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरली आणि आतून बघितली. बराच वेळ बघितली. 

"ओरखडा नाही," ते म्हणाले.

ठिणगीने आईला मिठी मारली. साहेबसुद्धा नकळत टाळ्या वाजवायला लागला आणि कोणी आपल्याकडे बघत नाही ना हे बघून थांबला. यंत्रं उद्यापासून ठिणगीच्या काडतुसाची, हे आता कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" थोरले बंदूक टेबलावर ठेवत म्हणाले. ते दमलेले दिसत होते. "चला, घरी चला."

"दादा," धाकटे म्हणाले. ते उभेच होते. "बाराआधी तू मला काय म्हणालास?"

"झालं ना आता, धाकट्या."

"मला म्हणालास ते परत म्हण. दारातल्यांना ऐकू गेलं नाही."

"काय गरज आहे?" साहेब घाईने मधे आला. "काका, काडतूस तर पास झालं. शिसं हळूहळू बंदच होईल. सहा महिन्यांत, वर्षात—"

"ते रोज वर चढतात," धाकटे म्हणाले. साहेबाकडे त्यांनी बघितलंही नाही. "आज संध्याकाळच्या पाळीलाही चढतील. परत म्हण, दादा. मोठ्याने."

थोरल्यांनी मुलाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. बहिणीने नजर खाली केली नाही. मग ते दाराकडे चालत गेले. करड्या हातांची माणसं बाजूला सरली, मालकाला वाट द्यावी तशी. पण थोरले बाहेर पडले नाहीत, त्यांच्यामध्येच थांबले.

"माझ्या भावाचे हात शिशाने गेले," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "वात नव्हता. शिसं होतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. भट्टी बंद करा. वर जे कोणी आहेत त्यांना खाली बोलवा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने स्वतःची बोटं उघडून मिटून बघितली आणि मग विचारलं, "सगळ्यांना, मालक?"

थोरल्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर मागून आलं.

"सगळ्यांना," धाकटे म्हणाले.